ग्रीकांचा आत्मविचार: सुरुवात कुठून करावी?

ग्रीक तत्त्वज्ञांचा आत्म्याविषयीचा विचार वाचायला सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. फार सुंदर विषय निवडलात. पण पहिल्याच दिवशी अ‍ॅरिस्टॉटल उघडू नका. प्लेटोचा ‘फीडो’ हा संवाद घ्या. इ.स.पू. ३९९, अथेन्सचा तुरुंग, सॉक्रेटिसचा शेवटचा दिवस. आत्मा अमर आहे असं तो सांगतो, तेव्हा त्याचा सोबती सिमियास अडवतो: तंतुवाद्य मोडलं की त्यातला सुरांचा मेळही संपतो, मग आत्मा शरीराचा असाच मेळ असेल तर? इथे पुस्तक मिटून स्वतः उत्तर शोधा, मगच सॉक्रेटिसचं वाचा. माझ्या मते पूर्ण संवादातली ही सर्वांत मोलाची जागा आहे.

नंतर प्लेटोच्याच ‘रिपब्लिक’चा चौथा भाग. तिथे आत्म्याचे तीन भाग येतात: विवेक, तेज (म्हणजे राग, स्वाभिमान) आणि वासना.

नवीन वाचक हमखास इथे चुकतात:

- वेदान्तातला आत्मा मनात ठेवून वाचणं. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते वनस्पतींनाही आत्मा असतो, कारण त्या पोषण घेतात, वाढतात. डोळा हा प्राणी असता तर दृष्टी हा त्याचा आत्मा ठरला असता, असं तो म्हणतो. तुलना जरूर करा, पण नंतर.
- ‘ग्रीकांचं मत’ एकच समजणं. एपिक्युरस या तत्त्वज्ञासाठी आत्मा अणूंचाच बनलेला, मृत्यूनंतर विखुरणारा.
- ‘फीडो’ आणि ‘रिपब्लिक’ यांचा घाईने मेळ घालणं. पहिल्यात आत्मा एकसंध वाटतो, दुसऱ्यात त्याचे तीन भाग आहेत. ती विसंगती काही दिवस तशीच राहू द्या.

स्टोइक पंथ आणि नंतरचा तत्त्वज्ञ प्लोटायनस सध्या बाजूला ठेवा. सिमियासला तुम्ही काय उत्तर दिलंत, ते मात्र नक्की कळवा.