ठेव आधी की कर्ज?

प्रश्न : काका, मी बडोद्यात एम. ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. डॉ. आंबेडकरांचा रुपयावरचा १९२३चा प्रबंध वाचून मॉनेटरी इकॉनॉमिक्स घेतलं. बी. ए.ला शिकलो की बँक ठेवी घेते, थोडी रोकड राखते आणि उरलेलं कर्जाऊ देते. आता सर म्हणतात, कर्जातूनच ठेव निर्माण होते. खरं काय? आणि गणित कच्चं असेल तर पीएच. डी. झेपेल का?
– एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार

उत्तर : १९९१ साली मी रावपुऱ्यातल्या एका शाखेत कर्जाच्या टेबलावर होतो. एका रिक्षावाल्याचं कर्ज मंजूर झालं. मी दोन व्हाउचरं लिहिली : कर्ज खाते नावे ४०,०००, बचत खाते जमा ४०,०००. तिजोरीला कुणी हात लावला नाही, कुठल्या ठेवीदाराची दमडी हलली नाही. ठेव माझ्या पेनातून उतरली. खरा ताण आला तो त्याचा चेक दुसऱ्या बँकेमार्फत क्लिअरिंगला आला तेव्हा. त्या दिवशी आमच्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून पैसे गेले. आज तिथे कमी पडलं तर बँका कॉल मनीत (दुसऱ्या बँकेकडून एका रात्रीसाठी) किंवा रेपोवर (रिझर्व्ह बँकेकडे रोखे ठेवून) पैसे उचलतात, आणि त्याचा भाव रिझर्व्ह बँकेच्या धोरणावर ठरतो. तुझे सर बरोबर आहेत. बँक ऑफ इंग्लंडनेही २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात हे उघड लिहिलं.

पण म्हणून बी. ए.तलं गुणकाचं सूत्र, म्हणजे बँकिंगमधल्या एका रुपया रोकडीमागे बाजारात किती रुपये पैसा उभा राहतो त्याचा हिशेब, फाडून टाकू नकोस. राखीव प्रमाण (ठेवींपैकी बँकेने राखायचा वाटा) ४ टक्के धरलं तर पुस्तकी गुणक २५ येतो. पण लोक घरात, गल्ल्यात रोकड ठेवतात. ती ठेवींच्या १६ टक्के धर : १.१६ भागिले ०.२० (०.१६ अधिक ०.०४), म्हणजे ५.८. हिशेब चोख आहे, फक्त रोकड ठेवींना ओढते की ठेवी रोकडीला, हे तो सांगत नाही.

गणिताचं खोटं सांगत नाही, लागेल. आंबेडकरांना चांदीच्या भावांचे तक्ते पुरले, तुला पुरणार नाहीत. न्यू केन्सियन मॉडेलची तीन समीकरणं घे : मागणी, महागाई आणि व्याजदर यांची. व्याजदराचं समीकरण म्हणजे टेलर नियम : महागाई वाढली की मध्यवर्ती बँक व्याजदर किती वाढवते ते सांगणारा. त्यात महागाईचा गुणांक १.५ ऐवजी ०.८ टाक. महागाई एक टक्का वाढली की व्याजदर त्याहून कमी वाढतो, खरा व्याजदर (व्याजदर वजा महागाई) उतरतो, मागणी आणखी तापते. मग एकाऐवजी अनेक उत्तरं निघतात. हे पेन्सिलीने काढून बघ, पंधरा दिवस गेले तरी जाऊ देत. अडलीस तर कागदासकट पाठव. मी नाही, माझी सून सोडवील. मला अजून व्हाउचरच बरी जमतात.