एका वारावर अडलेलं टेक्सास

प्रश्न : माझा मुलगा एमएस करायला कोलंबसला, ओहायो स्टेटला गेलाय. ३० ऑगस्ट २०२५ च्या रात्री इथे एक वाजायला आला होता, तेव्हा त्याचा फोन आला. घसा पार बसलेला. “आई, टेक्सासला हरवलं, १४-७! एका यार्डावर अडवलं!” एवढंच दोनदा म्हणाला. जन्मात कधी मॅच न बघणारा मुलगा. हा विजय खरंच एवढा मोठा आहे का? आणि यार्डाचं काय ते मला कळेल असं सांगाल का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, त्याच दुपारी मीही त्याच स्टेडियममध्ये होते आणि माझाही आवाज दोन दिवस बसला होता. तेव्हा मुलाची काळजी करू नका.

आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो. तो चौथा दिवस. मॅच बाराला सुरू होणार म्हणून आरती सकाळी आठलाच केली, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवला, यजमान गणपतीपाशी थांबले आणि लेक नि मी निघालो. ऑलेंटँजी नदीच्या काठावर १९२२ साली बांधलेलं हे स्टेडियम घोड्याच्या नालेच्या आकाराचं आहे. त्या दिवशी तिथे लाखाच्या वर माणसं होती. सव्वीस वर्षं या गावात राहते आहे, तरी वरच्या मजल्यावर पोचून खाली तो लाल समुद्र दिसला की पोटात गलबलतं.

आता खेळाचं. हा अमेरिकन फुटबॉल, दोन विद्यापीठांच्या संघांमधला. यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला. चेंडू हातात असलेल्या संघाला दहा वार पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. जमलं तर पुन्हा चार, नाही तर चेंडू समोरच्यांना. असं करत शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण (याला टचडाउन म्हणतात), वर एक किकचा. म्हणजे १४-७ याचा अर्थ आम्ही ती रेषा दोनदा ओलांडली, त्यांनी एकदा.

मुलगा सांगत होता तो क्षण तिसऱ्या क्वार्टरमधला, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यातला. आम्ही ७-० ने पुढे. टेक्सासने हळूहळू रेटत चेंडू रेषेपासून एका वारावर आणून ठेवला. चौथा, शेवटचा प्रयत्न. किक मारून तीन गुण घेता आले असते, पण त्यांनी सात हवेत असं ठरवलं. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू, आर्च मॅनिंग चेंडू पोटाशी धरून मधल्या गर्दीत घुसला. कबड्डीत चढाई करणारा मधल्या रेषेकडे हात लांबवतो आणि चार जण त्याला मागे खेचतात, तसं समजा. फक्त इथे ती माणसं शंभर-सव्वाशे किलोची. ढीग कोसळला. आमच्या पायाखालचं काँक्रीट थरथरत होतं. पंच धावत आले, एकेकाला बाजूला करत चेंडू कुठे आहे ते पाहिलं. रेषेच्या अलीकडे! लेकीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळी आरतीच्या वेळी बोटांचे वळ दिसत होते.

२०२५ च्याच १० जानेवारीला, आधीच्या मोसमाच्या उपांत्य सामन्यात, हेच टेक्सास आमच्याविरुद्ध असंच एका वारावर येऊन अडकलं होतं. तिथून आधी ते मागे ढकलले गेले आणि मग आमच्या जॅक सॉयरने त्यांच्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू पाडून ८३ वार पळत नेला. तो सामना आम्ही २८-१४ जिंकलो आणि दहा दिवसांनी अटलांटात नोत्र दामला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेते झालो. पण त्या संघातले चौदा जण एप्रिलमध्ये एनएफएलने, म्हणजे व्यावसायिक लीगने, उचलले. बचाव आखणारे जिम नोल्स पेन स्टेटला गेले. थोडक्यात, ३० ऑगस्टला मैदानात उतरला तो बराचसा नवा संघ होता आणि समोर मोसमाआधीच्या क्रमवारीत पहिलं असलेलं टेक्सास. म्हणून हा विजय मोठा, ताई. जुन्या पुण्याईवर मिळालेला नाही.

प्रश्न : मी ऑस्टिनला असतो आणि टेक्सासचा आहे. आम्ही एकूण ३३६ वार पुढे गेलो, तुम्ही २०३. चौथ्या प्रयत्नात पाचपैकी चारदा आम्ही चुकलो. हा तुमचा विजय की आमचा गलथानपणा?
— एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : आकडे तुमचे बरोबर आहेत. निष्कर्ष मला पटत नाही.

पाचपैकी चारदा अडणं हा गलथानपणा नसतो. एकदा असतो. चारदा म्हणजे समोर कुणीतरी उभं आहे. आमचे नवे बचाव प्रशिक्षक मॅट पॅट्रिशिया. त्यांची नेमणूक झाली तेव्हा मला ती आवडली नव्हती. डेट्रॉइटच्या व्यावसायिक संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षकपदावरून काढलं होतं, ते या भागात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी त्यांनी मॅनिंगसमोर जे मांडलं ते वरून, अख्खं मैदान दिसत असताना, पाहण्यासारखं होतं. चेंडू सुटायच्या आधी सगळे एका जागी, सुटल्यावर भलतीकडे. आमचा बचावपटू केलेब डाउन्स पुढे आल्यासारखा दाखवायचा आणि मागे सरकायचा. पेटन आणि एलाय या नामवंत क्वार्टरबॅक भावांच्या या पुतण्याला आपण काय बघतोय तेच कळेना: फेकलेल्या ३० पैकी १७ पास जुळले, १७० वार, आणि एक पास सरळ आमच्या जर्मेन मॅथ्यूजच्या हातात. तुमची एकमेव टचडाउन आली तेव्हा जेमतेम साडेतीन मिनिटं उरली होती.

आमचा क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिन पहिल्यांदाच सामन्याची सुरुवात करत होता. २० पैकी १३ पास, १२६ वार. भपका काही नाही. पण एकही पास तुमच्या हाती लागला नाही, आणि चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला कार्नेल टेटला दिलेला तो ४० वारांचा पास! चेंडू हवेत असताना माझ्या शेजारचे अनोळखी आजोबा उभे राहिले, आणि टेटने तो झेलताच त्यांनी मला मिठीच मारली. नवख्या पोराला सांभाळून खेळवायचं आणि मॅच बचावावर सोडायची, हे आमचे मुख्य प्रशिक्षक रायन डे यांनी मुद्दाम केलं असं मला वाटतं. २०२४ च्या नोव्हेंबरात मिशिगनकडून १३-१० ने हरल्यावर त्यांना काढा म्हणणारे आमच्यातलेच होते. मी त्यांत नव्हते.

पण एका गोष्टीत तुमचा टोला वर्मी लागला. २०३ मधून पासचे १२६ वजा करा. धावून मिळवलेले फक्त ७७ उरतात. पास झेलणाऱ्या जेरेमाया स्मिथसारख्या खेळाडूला तुम्ही ४३ वारांवर रोखलं. पुढच्या शनिवारी आम्ही ग्रॅम्बलिंगला ७०-० हरवलं आणि सेयिनने १९ पैकी १८ पास जुळवले, तेव्हा ओळखीतले सगळे आता काळजी मिटली म्हणत होते. माझी मिटली नव्हती. त्या ७० गुणांपेक्षा मला हे ७७ वार जास्त सांगतात. आमची आघाडीची फळी समोरच्याला रेटू शकली नाही, आणि टेक्सासपुढे जे झालं नाही ते दुबळ्या संघापुढे झालं म्हणून सुटलं असं होत नाही.

२९ नोव्हेंबर २०२५ ला मिशिगनच्या गावी, अ‍ॅन आर्बरला, जायचं होतं. मिशिगनकडून आम्ही त्याआधी ओळीने चार वर्षं हरलो होतो. तिथे थंडीत हात बधिर झालेले असतात, पास सुटतात, चेंडू घेऊन धावावंच लागतं. ७७ वार तिथे पुरण्यासारखे नव्हते.