बदललेलं बुश पुन्हा फाटलं; गॅरेजवर दावा लावता येईल?

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी गाडीच्या मागच्या ट्रेलिंग आर्मचे (मागचं चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याचे) दोन्ही बुश, म्हणजे सांध्यातले रबरी पार्ट, गॅरेजमध्ये बदलून घेतले. आता पुन्हा खड्ड्यात मागून ठोका ऐकू येतो आणि खडबडीत वळणावर मागचं चाक थडथडतं. ‘रबराच्या पार्टला वॉरंटी नसते,’ असं गॅरेजवाले म्हणतात. काय करता येईल?

उत्तर : ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येईल. वॉरंटी नाही म्हणून चुकीच्या कामाची जबाबदारी टळत नाही. मात्र सेवेतली त्रुटी सिद्ध तुम्हालाच करायची आहे. नुसतं फाटलेलं बुश दाखवून भागणार नाही, ते का फाटलं हे दाखवावं लागेल. तो पुरावा अजून गाडीतच आहे, तेव्हा नवे बुश बसवायची घाई नको.

इतक्या लवकर बुश जाण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे चाक लोंबकळत असतानाच बोल्ट पक्का आवळणं. बुशची आतली नळी बोल्टमुळे ब्रॅकेटला (गाडीच्या सांगाड्यावरच्या पकडीला) जखडते, बाहेरची आर्मबरोबर फिरते आणि मधलं रबर पीळ खातं. लिफ्टवरच आवळलं, तर गाडी उतरताक्षणी बसलेला पीळ कायम राहतो आणि रबर धातूपासून सुटत जातं. शेवटचा आवळ गाडीचं वजन चाकांवर असतानाच द्यायचा असतो.

तपासणीची तारीख गॅरेजला स्पीड पोस्टाने कळवा. ते आले नाहीत तरी तपासणी करा. गाडी चाकांवर उभी असताना आतली नळी आणि ब्रॅकेट यांवर रंगाची सलग रेघ ओढून बोल्ट सैल करायचा. नळी झटक्यात फिरून रेघ तुटली, तर पीळ तिथे होता. याचं सलग चित्रण हवं. रबर पुरतं तुटलेलं असेल तर पीळ आधीच गेलेला असतो, म्हणून कमी फाटलेल्या बाजूपासून सुरुवात करा.

थडथड शॉकअपमुळेही होते, किंबहुना बचावात हेच पहिलं सांगितलं जाईल. म्हणून शॉकअपची गळती, व्हील बेअरिंगचा खेळ आणि टायरची लाटांसारखी झीज यांची नोंदही त्याच अहवालात हवी. अहवाल ऑटोमोबाइल इंजिनिअरचा, शपथपत्रासह असावा. काढलेले बुश डावं-उजवं लिहून सीलबंद ठेवा.

जुनं बिल आणि जॉबकार्ड (गॅरेजने केलेल्या कामाच्या नोंदीचा कागद) शोधा. बिलच दिलं नसेल तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते, तेही तक्रारीत लिहा. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. गाडी धंद्यासाठी वापरत असाल तर आधी कळवा, उत्तर बदलू शकतं.

तपासणी होईपर्यंत गाडी शक्यतो उभीच ठेवा. सैल आर्ममुळे ब्रेक मारताना मागचा भाग भरकटतो, आणि धोका कळूनही गाडी चालवलीत हा मुद्दा समोरचा वकील सोडणार नाही.