बाटलीवरच्या पाडसांना हगवण लागली तर आधी काय?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी मूळचा सांगलीकडचा, सध्या न्यूझीलंडला साउथलंडमध्ये रेड डिअर जातीच्या हरणांच्या फार्मवर कामाला आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात इथं माद्या वितात, त्यातली आई नसलेली पाडसं बाटलीवर वाढवायचं काम माझ्याकडं आहे. आठवड्याभराची झाली की पिवळी पाण्यासारखी संडास लागते आणि पोरं मान टाकतात. सोबतचा म्हणतो दूध बंद कर आणि अँटिबायोटिक दे. काय करू? आणि गावाकडं धाकटा भाऊ विचारतोय, शेळ्यांसोबत हरणं पाळता येतील का?

उत्तर: भाऊ, पाडसं हगवणीच्या जंतूपेक्षा अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यानं जास्त दगावतात, त्यामुळं आधी इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षार घातलेलं पाणी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, दोन सेकंदांत जागेवर बसली नाही, डोळे खोल गेलेत, तर पाणी बरंच गेलंय समजा. आठ किलोच्या पाडसाचं ८ टक्के पाणी गेलं असेल तर तूटच साधारण साडेसहाशे मिली झाली, ती रोजच्या दुधाव्यतिरिक्त भरून काढायची आणि वर जे हगवणीतून जातंय तेही. एकदम नाही, थोडं थोडं, दिवसरात्र. वासरांचं इलेक्ट्रोलाइट पाकीट चालतं, पण ते दुधात कालवू नका, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर काही पाकिटांमुळं पोटात दुधाचं दही नीट लागत नाही.

दूध मात्र तोडू नका, उपाशी पाडसात ताकद कुठून येणार? कमी कमी करून जास्त वेळा पाजा. हरणीचं दूध गाईच्या दुधापेक्षा खूप दाट आणि फॅटचं असतं, म्हणून तिकडं बरेच जण मेंढीच्या कोकरांची पावडर वापरतात. रोज तेच प्रमाण, तेवढंच कोमट, बाटली-निपल दरवेळी गरम पाण्यानं धुतलेलं. कधी घट्ट कधी पातळ आणि एका वेळी पोटभर, एवढ्यानंसुद्धा हगवण लागते.

तोंडात बोट घालून बघा. चोखत नसेल, तोंड गार लागत असेल, तर बळंच पाजू नका, फुफ्फुसात जाईल. आधी ऊब द्या आणि लगेच व्हेटला बोलवा, अशाला शिरेतून सलाईन लागतं.

आता अँटिबायोटिकचं. या वयात पिवळी पाण्यासारखी हगवण म्हटली की क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा संशय घ्यायलाच हवा, आणि त्याच्यावर नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत. रोटाव्हायरस किंवा ई. कोलायही असू शकतो, म्हणून औषधाआधी संडासचा नमुना तपासायला द्या. क्रिप्टोवर हॅलोफ्युजिनोन नावाचं औषध वासरांसाठी आहे पण पाणी सुकलेल्या, अशक्त पिलाला ते उलट बाधतं, तेव्हा व्हेटनं सांगितल्याशिवाय हात लावू नका. संडासमध्ये रक्त किंवा अंगात ताप असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा अँटिबायोटिक लागू शकतं.

आणि भाऊ, क्रिप्टो माणसालाही होतो, याकडं खरंच लक्ष द्या! ग्लोव्हज घाला, साबणानं हात धुवा, सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नका. ब्लीचनंही तो सहजी मरत नाही, त्याला मारतं ते कडक गरम पाणी आणि खडखडीत कोरडेपणा, म्हणून ओलं गवत काढून पाडसांचा कप्पा पूर्ण वाळू द्या. आजारी पाडस वेगळं, आणि निरोग्यांचं पाजून झाल्यावरच त्याच्याकडं जा. घरी लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर कामाचे कपडे बाहेरच काढा.

पुढच्या सीझनला एक करा, जन्मल्यावर पहिल्या सहा तासांत चीक पोटात जाईल असं बघा, २४ तासांत वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. आईचा नसेल तर साठवलेला गाईचा चालतो.

धाकट्या भावाला मात्र स्पष्ट सांगा, आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणं पाळता येत नाहीत. शेतात एकटं पाडस दिसलं तरी उचलू नये, आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करावा.