बोनेटखाली : इंजिन बदललं, पाण्याचं काय?

प्रश्न : जुन्या पेट्रोल जीपमध्ये पिकअपचं अडीच लिटर डिझेल इंजिन बसवतो आहोत. जीपचाच रेडिएटर ठेवला तर चालेल का? पाण्याची जोडणी करताना काय पाहावं? (आर्णी, जि. यवतमाळ)

आधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलायची परवानगी आरटीओकडून आधी घ्यावी लागते, मागाहून नाही.

रेडिएटर जीपचा ठेवू नका. जळलेल्या इंधनाची ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णता पाण्यात उतरते, त्यामुळे इंजिन मोठं झालं की रेडिएटरही मोठा लागतो. ज्या पिकअपचं इंजिन आणलं, तिचाच रेडिएटर ही कमीत कमी मर्यादा धरा. जानेवारीत गाडी तापली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. रेडिएटर चालतो तो पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. पाणी 95 अंश आणि बाहेर 30 असेल तर फरक 65 चा. मे महिन्यात बाहेर 46 असेल तर 49 उरतो. म्हणजे पाव ताकद उन्हानेच खाल्ली.

आता उंची. अदलाबदलीत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पाणी ओतायचं तोंड पूर्ण यंत्रणेत सर्वांत उंच हवं. जीपच्या नाकात बसवताना रेडिएटर खाली सरकतो, इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं डोकं, वर राहतं आणि हेडमध्ये हवा धरते. तापमानाचा काटा कधी कधी थंडच दाखवतो, कारण सेन्सर हवेत असतो, आणि तोवर हेडखालची गॅस्केट, म्हणजे सील, गेलेली असते. अशा वेळी प्रेशर कॅप (ठरावीक दाब धरून ठेवणारं झाकण) असलेली वेगळी टाकी हेडपेक्षा उंच बसवा. टाकीच्या बुडातून 16 ते 19 मिमीचा पाइप वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडा. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) घरापासून आणि रेडिएटरच्या वरच्या टोकापासून 6 ते 8 मिमीच्या नळ्या टाकीत वर आणून सोडा, हवा त्यातून निघते. मग रेडिएटरचं तोंड साध्या, पूर्ण बंद झाकणाने बंद करा. दोन ठिकाणी प्रेशर कॅप नको.

होस पाइप सरळ तुकडा वाकवून बसवू नका, वळणात तो चपटतो. घडीव कोपऱ्याचाच घ्या. तोंडं वेगवेगळ्या मापाची असतील तर रिड्युसर होस वापरा. 38 मिमीचा पाइप 32 च्या तोंडावर क्लिप आवळून बसवला तर तो पहिल्या लांब चढावर निसटतो. हीटर लावणार नसाल तर त्याची दोन तोंडं सरसकट बंद करू नका. काही इंजिनांत बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पंपाकडे परतणारं, पाणी त्याच वाटेने फिरतं, तिथे दोन्ही तोंडं एका होसने जोडा.

भरताना पुढची चाकं बांधावर किंवा रॅम्पवर चढवा, पाणी सावकाश ओता, हवा काढायचा बोल्ट असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा. कॅप न लावता आयडलवर चालू ठेवा. खालचा होस गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. किती लिटर गेलं ते मोजा. नऊ लिटरच्या यंत्रणेत सातच गेलं, तर दोन लिटर हवा आत बसली आहे.

प्रश्न : गाडी चालली का काटा खाली येते, फाटकावर उभी राहिली का वर चढते. इलेक्ट्रिक पंखा लावला हाये. मेकॅनिक म्हणते मोठा रेडिएटर टाका. टाकू काय? (मूर्तिजापूर, जि. अकोला)

टाकू नका. चालत्या गाडीत थंड राहते म्हणजे रेडिएटर पुरतो आहे, उभ्या गाडीत हवा पुरत नाही.

पंखा चालू असताना जाळीसमोर कागद धरा. रेडिएटरच्या मागचा पंखा कागद ओढून घेतो. कागद उडून येत असेल तर वायर उलटी आहे. पुढून ढकलणारा पंखा नुसती वायर फिरवून मागे लावला असेल, तर पात्यांचा बाक उलटा पडतो आणि हवा निम्मीशिम्मीच येते. मग इंजिन चालू ठेवून पंख्याच्या प्लगवर व्होल्ट मोजा. 13 च्या आसपास हवेत. 12 च्या खाली गेले तर वायर बारीक आहे किंवा अर्थिंग गंजलं आहे. 40 अँपिअरचा रिले, 30 चा फ्यूज, 4 चौ. मिमी वायर हे माप धरा. पंख्याचा करंट डॅशबोर्डच्या बटनातून नेणं म्हणजे बटन वितळवणं. थर्मोस्टॅट 82 अंशांचा असेल तर पंखा साधारण 92 ला सुरू आणि 87 ला बंद होणारा स्विच घ्या.

पंख्याभोवतीचं कडं, म्हणजे श्राउड, काढून टाकलं असेल तर परत बसवा. रेडिएटरच्या कडांच्या फटी रबर पट्टीने बुजवा, नाहीतर इंजिनाची गरम हवा फिरून पुन्हा तिथेच येते.

प्रश्न : माल भरला की साठच्या पुढे तापते. थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी तेच. (हिंगणघाट, जि. वर्धा)

काढला म्हणूनही तापत असेल! बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती उघडताना बायपास बंद करते. चकतीच नाही, तर गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न जाता पंपाकडे वळतो. नवा घ्या आणि बसवण्याआधी पातेल्यात, थर्मामीटरसह, उकळून पाहा. 82 लिहिलेला त्याच सुमारास उघडायला लागतो आणि 95 पर्यंत पूर्ण उघडतो.

मग कोणाला तरी रेस द्यायला सांगून खालचा होस पाहा. तो ओढीने चपटत असेल तर आतली स्प्रिंग नाही. तुमच्या भागात आणखी एक कारण हमखास : जिनिंगजवळून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरच्या फिन्समध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांमध्ये, कापसाची लव चिकटते, तिच्यावर धूळ बसून लोकर तयार होते. एसीचा कंडेन्सर पुढे असेल तर ती दोघांच्या मधे दडते, बाहेरून दिसत नाही. कंडेन्सर सोडवा आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर, साध्या पाण्याच्या धारेने धुवा.

थंड इंजिन सुरू करताच होस दगडासारखा होत असेल आणि कॅप काढल्यावर बुडबुडे थांबत नसतील, तर हेड गॅस्केट तपासा, बाकी सगळं नंतर.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी खारं आहे. तेच वापरतो, कूलंट नाही. हिवाळ्यात पाणी तर गोठत नाही. (दर्यापूर, जि. अमरावती)

खारपाणपट्ट्यातलं पाणी ॲल्युमिनियमच्या हेडला आणि रेडिएटरला खातं, शिवाय क्षार आत बसून नळ्या चोक होतात. कूलंट गोठण्यासाठी नाही, गंजासाठी घालायचं. बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड, ॲसिड नव्हे) आणि कूलंट अर्धं-अर्धं. रंगावर जाऊ नका, एकाच रंगात वेगवेगळी रसायनं येतात आणि मिसळली तर गाळ होऊ शकतो. आधीचं कोणतं होतं माहीत नसेल तर पूर्ण काढून, बॅटरीच्याच पाण्याने दोनदा धुवून नवं भरा. कॅप रेडिएटरच्या मापाचीच ठेवा. 0.9 बारच्या कॅपखाली साधं पाणीही सुमारे 118 अंशांना उकळतं, पण जुन्या पितळी रेडिएटरवर 1.1 ची चढवली तर झाळ सुटते.