सगळीकडं ‘असुरक्षित’ कशाला चिकटवतोस भावा

भावा तुझा लेख वाचला, चांगला जमलाय, फक्त इंग्रजी ‘इन्सिक्युअर’साठी ‘असुरक्षित’ एवढा एकच शब्द जिथंतिथं घातलायस ते जरा बघ की. चोर्ला घाटाचा रस्ता पावसाळ्यात धोकादायक असतोय, तिथं तोच शब्द लिही. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायकांना हजार विड्यांमागं मजुरी, माल आला नाही की हात रिकामे, ते काम बेभरवशाचं, असुरक्षित काम म्हणून कोण बोलतंय तिकडं?

माणसाच्या मनाचं लिहिताना तर लईच जपून, ‘तो असुरक्षित आहे’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं ह्याच्या जिवावर कोण उठलंय, आणि तुला सांगायचंय काय तर खानापूरचा पोरगा बेळगावात बँकेत कन्नड फॉर्म हातात आला की बिचकतो, पेन घेऊन नुसता उभा राहतो, मग बिचकतो असंच लिही की, नाहीतर धाकधूक, न्यूनगंड, जे बसेल ते. ‘असुरक्षित वाटतं’ मात्र चालतंय. इन्सिक्युअर कॉलेजची पोरं बोलतात, ते संवादात राहू दे, बाकी नको.

वेबसाईटला एचटीटीपीएस, म्हणजे माहिती गुप्त ठेवून पाठवायची सोय, नसेल तिथं बिनधास्त असुरक्षित लिही, क्रोमसुद्धा २०१८ पासून तसाच इशारा दाखवतंय. दुसरा परिच्छेद आधी दुरुस्त कर, तिथं तीनदा आलाय.