तांबं-लोखंड थर्मोकपल तापवत नेलं तर रीडिंग मध्येच कमी व्हायला लागलं, माझं कनेक्शन चुकलंय का?

नाही, बहुतेक चुकलेलं नाही. (थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा दोन्ही टोकांना जोडलेल्या; एक जोड गरम, दुसरा थंड ठेवला की करंट वाहतो.) प्रश्न वाचला आणि बीएस्सीचं दुसरं वर्ष आठवलं.

आमचंही तांबं-लोखंडच होतं. एक टोक बर्फात, दुसरं वाळूच्या कढईत, खाली बर्नर, मी थर्मामीटर बघायचे आणि पार्टनर करंट दाखवणारा गॅल्व्हानोमीटर. 270 अंशांना काटा 46 घरांवर गेला, मग 310 ला 45, 350 ला साडेबेचाळीस. सर आले, म्हणाले लूज काँटॅक्ट आहे, 270 च्या पुढचं सगळं खोडा आणि सरळ रेघ काढा. मी म्हटलं सर, बर्नर बंद केल्यावर काटा आधी परत 46 पर्यंत चढला आणि मग उतरला, लूज काँटॅक्ट असा नेमका त्याच जागी कसा वागेल? ऐकलंच नाही. लाल पेनाने रीडिंग कापली, मार्कही कापले. आजही राग येतो.

कारण ही गोष्ट 1823 पासून माहीत आहे! सीबेकने बर्लिनमध्ये 1821 ला दोन धातूंचा जोड तापवून होकायंत्राची सुई हलवली (त्याला ते चुंबकत्वच वाटलं होतं), आणि दोनच वर्षांत केंब्रिजच्या जेम्स कमिंगला दिसलं की लोखंड जोडीला असलं की तापवत गेल्यावर करंट कमी होतो आणि पुढे उलटाच वाहतो. तांबं-लोखंडाला करंट कमी व्हायला लागण्याचं हे वळण साधारण 275 अंशांना येतं. विल्यम थॉमसन, म्हणजे नंतरचा लॉर्ड केल्विन, यावरच अडला: एरवी गरम जोड उष्णता शोषतो, पण त्या तापमानाला शोषतच नाही, थंड जोड तर सोडतोय, मग करंटला ऊर्जा येते कुठून? एका टोकाला गरम, दुसऱ्याला थंड अशा तारेतूनच करंट वाहताना उष्णता शोषली किंवा सोडली जात असणार, असं त्याने आधी कागदावर काढलं आणि मग 1856 पर्यंत प्रयोगात दाखवलं. लोखंडात तर उष्णतेची दिशा तांब्याच्या उलटी निघाली. म्हणजे आमच्या सरांनी जे खोडायला लावलं त्यातूनच हा तारेतल्या उष्णतेचा थॉमसन इफेक्ट निघाला. पुढे एडिनबरोत टेट या भौतिकशास्त्रज्ञाने एकेका धातूचा हा गुण तापमानाबरोबर कसा बदलतो त्याच्या रेघा मांडून आकृती केली, त्याच्याकडच्या नॉट आणि मॅकग्रेगरने 1870 च्या दशकाअखेरीस कोळसासुद्धा मोजला. वेडंवाकडं आलं म्हणून खोडत बसले असते तर काय मोजलं असतं त्यांनी?

तेव्हा उतरतानाचीही रीडिंग घे, दोन्ही ग्राफ एकावर एक बसले तर गाइडकडे जा आणि खोड म्हणाले तरी खोडू नकोस.

हां, एक राहिलंच. बर्फ सगळा वितळून थंड टोक कोमट झालं असेल तर रीडिंग त्यानेही पडतं, ते आधी बघ. आणि जोडी क्रोमेल-अल्युमेलची (दोन्ही निकेलचे मिश्रधातू) असेल तर नेहमीच्या रेंजमध्ये असं वळण येत नाही, तिथे खरंच वायर तपास.